जीपीएस सर्व्हे: सगळे पॉइंट फिक्स, एस.डी. (स्टँडर्ड डेव्हिएशन) २ मिमी, पण लेव्हलला ८६ मिमी फरक. पोस्ट-प्रोसेसिंगची ॲक्युरसी नक्की कशावरून ठरवायची?

नवा_रोव्हर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होईल पण सगळं नीट सांगतो. माझ्याकडे दोन ड्युअल फ्रिक्वेन्सी जीपीएस रिसीव्हर आहेत, एक बेसला (एकाच जागी राहणारा) ट्रायपॉडवर आणि दुसरा रोव्हर (पॉइंटवरून पॉइंटवर फिरणारा) २ मीटरच्या पोलवर, बायपॉड लावून. एकूण १२ कंट्रोल पॉइंट (पुढच्या मोजणीला आधार म्हणून धरायच्या खुणा) करायचे होते, सगळ्यात लांबचा बेसपासून १.४ किमी. प्रत्येक पॉइंटवर साधारण २० मिनिटं बसलो, लॉगिंग १ सेकंदाचं. बेस सहा तास चालू होता, त्याची फाइल सीएसआरएस-पीपीपीला (कॅनडा सरकारची ऑनलाइन प्रोसेसिंग सेवा) टाकून कोऑर्डिनेट घेतलं. रोव्हरच्या फाइल आरटीकेपोस्टमध्ये (बेस-रोव्हरचा डेटा एकत्र प्रोसेस करणारं सॉफ्टवेअर) स्टॅटिक मोडला प्रोसेस केल्या, फक्त जीपीएस घेतलं, एलिव्हेशन मास्क १० डिग्री, म्हणजे क्षितिजापासून त्याहून खालचे उपग्रह वगळले.

निकाल बघून जाम खूश होतो, बाराच्या बारा पॉइंट क्यू १ म्हणजे फिक्स (उपग्रहांपर्यंतच्या पूर्ण तरंगांचा आकडा पक्का झालेला), आडवी एस.डी. १ ते २ मिमी, उंचीची २ ते ३ मिमी. मग सहज म्हणून पॉइंट ४ आणि पॉइंट ७ मध्ये ऑटो लेव्हल फिरवली, अंतर ३१० मीटर, जाऊन-येऊन क्लोजर (परत आल्यावर उरलेला फरक) २ मिमी आलं म्हणजे लेव्हलवर शंका घ्यायला जागा नाही. लेव्हलप्रमाणे दोघांच्या उंचीत फरक १.२१२ मीटर, आणि माझ्या प्रोसेसिंगप्रमाणे १.२९८. सरळ ८६ मिमी!! पॉइंट ७ एका दुमजली इमारतीच्या भिंतीपासून चारेक मीटरवर आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला जाऊन ७ परत २० मिनिटं घेतला, तर पहिल्या दिवसापेक्षा फक्त ४ मिमीचा फरक आला. म्हणजे रिपीट होतंय, फिक्स आहे, एस.डी. पण चांगली आहे, पीडीओपी (उपग्रहांच्या मांडणीचा आकडा, कमी तितका चांगला) १.८ होता, मग चूक कुठाय? जिऑइडमुळे, म्हणजे लेव्हलची उंची समुद्रसपाटीच्या पृष्ठभागापासून आणि जीपीएसची गणिती लंबगोलापासून असते म्हणून असेल का? आणि मुख्य प्रश्न, क्लायंटला रिपोर्टमध्ये ॲक्युरसी किती लिहून द्यायची? २ मिमी लिहायला आता हात धजत नाही.

जुनी_साखळी

लेव्हल फिरवलीत हे फार बरं केलंत, बहुतेक जण फिक्स दिसलं की दुकान बंद करतात.

आधी जिऑइडचं सांगतो म्हणजे तो विषय संपेल. ३१० मीटरमध्ये जिऑइडचा उतार धरला तरी बहुतेक ठिकाणी फरक काही मिलिमीटरचा, अगदी डोंगराळ भागात दोन-तीन सेंटीमीटर. ८६ मिमी त्यातून निघत नाही.

आता एस.डी.चं. ही एस.डी. म्हणजे काय तर तुमचा डेटा आपापसात किती जुळला त्याचा आकडा. सॉफ्टवेअर असं धरून चालतं की प्रत्येक सेकंदाचं मोजमाप आधीच्या सेकंदापासून स्वतंत्र आहे, म्हणून जितके जास्त सेकंद तितकी एस.डी. वर्गमुळाने खाली येते. पण भिंतीवरून येणारा मल्टिपाथ (परावर्तित होऊन आलेला सिग्नल) काही दर सेकंदाला नव्याने उगवत नाही, तो कित्येक मिनिटं हळूहळू बदलत राहतो, ट्रोपोस्फिअरच्या (खालच्या वातावरणाच्या) चुकीचा उरलेला भाग तर त्याहून हळू. म्हणजे तुम्ही १२०० स्वतंत्र साक्षीदार आणलेत असं सॉफ्टवेअरला वाटतंय आणि खरं तर चार-पाच जणच तीच गोष्ट परत परत सांगताहेत. एक प्रयोग करा, पाच मिनिटांचं काम आहे. कुठलीही एक चांगली फाइल १ सेकंदाऐवजी ३० सेकंदाचा इंटरव्हल देऊन परत चालवा. पोझिशन मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पलीकडे हलणार नाही पण एस.डी. चार-पाच पट मोठी दिसेल, ३० चं वर्गमूळ साडेपाच येतं ना म्हणून. पॉइंट तोच, बसणं तेच, मग ॲक्युरसी एकदम पाचपट खराब कशी झाली? झालीच नाही, ती या आकड्यात कधी नव्हतीच.

आणि "त्याच वेळेला परत घेतला" इथे तुम्ही फसलात. जीपीएसचा उपग्रह एक फेरी साधारण ११ तास ५८ मिनिटांत मारतो, दोन फेऱ्या म्हणजे २३ तास ५६ मिनिटं, आणि तेवढ्यात पृथ्वी पण स्वतःभोवती एकदा पूर्ण फिरून झालेली असते. म्हणजे दुसऱ्या दिवशी फक्त चार मिनिटं आधी आकाशात तेच उपग्रह त्याच जागेवर. भिंत तीच, कोन तेच, परावर्तन तेच, त्यामुळे चूक पण तीच आली, तुमचा ४ मिमीचा मेळ म्हणजे त्याच चुकीची दुसरी प्रत आहे. परत मोजायचं तर दोन-चार तासांचा फरक ठेवून मोजा, म्हणजे उपग्रहांची मांडणी बदलते आणि मल्टिपाथही बदलतो.

पीडीओपीवर जाऊ नका, तो फक्त उपग्रह किती पसरलेत ते सांगतो, त्यातला एखादा भिंतीआडून येतोय हे त्याला माहीत नसतं.

फ्लोट_ते_फिक्स

वरच्यांनी बरोबर सांगितलंय पण मला वाटतं इथे मल्टिपाथ एकटा नाहीये. फेजचा (सिग्नलच्या तरंगावरून केलेल्या मोजमापाचा) मल्टिपाथ एल१ वर (जीपीएसची पहिली फ्रिक्वेन्सी) वाईटात वाईट पाव तरंगलांबी, म्हणजे १९ सेंमीच्या पाव, पावणेपाच सेंमी, आणि २० मिनिटांच्या सरासरीत तो बराच खाली येतो. ८६ मिमीसाठी बहुतेक फॉल्स फिक्स आहे, म्हणजे एखाद-दोन उपग्रहांचा पूर्णांक (पूर्ण तरंगांचा आकडा) चुकीचा बसलाय. आणि पूर्णांक चुकला की एस.डी. मुळीच वाढत नाही!! कारण फिक्स झाल्यावर सॉफ्टवेअर तो आकडा शंभर टक्के खरा धरतं. चुकीचा फिक्स हा चांगल्या फ्लोटपेक्षा (पूर्णांक पक्का न केलेल्या उत्तरापेक्षा) जास्त धोक्याचा, फ्लोट निदान कबूल तरी करतो की मला खात्री नाही.

.पॉस फाइल (आरटीकेपोस्टचा निकाल) टेक्स्टमध्ये उघडा आणि शेवटचा कॉलम बघा, रेशोचा. सगळ्यात चांगल्या पूर्णांकांचा संच आणि दुसऱ्या नंबरचा संच यांच्या रेसिड्युअलची (मोजमाप आणि हिशोब यांत उरलेल्या फरकांची) ती तुलना असते. डीफॉल्ट उंबरठा ३ आहे, पण ३ म्हणजे काही देवाने आखलेली रेषा नव्हे. बाकीच्या पॉइंटना २०-३० असेल आणि ७ ला ३ च्या जेमतेम वर असेल तर तिथेच उत्तर आहे. ॲम्बिग्विटीचा (पूर्णांक ठरवायचा) मोड फिक्स-अँड-होल्ड ठेवला असेल तर कंटिन्युअस करून बघा, होल्डमध्ये एकदा चुकीचा आकडा धरला की फिल्टर त्यालाच चिकटून बसतं आणि पुढचा चांगला डेटा पण त्याच चुकीच्या आकड्याकडे ओढला जातो.

मग फाइलचे दोन तुकडे करा, पहिली १० मिनिटं वेगळी आणि नंतरची १० वेगळी. खरा फिक्स दोन्हीकडे सेंटीमीटरभरात तोच यायला पाहिजे. मास्क १० वरून १५, मग २० करा. प्रत्येक वेळी उंची किती हलते ते कागदावर लिहा. आणि आरटीकेप्लॉटमध्ये रेसिड्युअल उपग्रहागणिक बघा, भिंतीच्या दिशेला जो खाली आहे त्याची रेघ सापासारखी वळवळत असणार, तो एकटा काढून परत चालवा. सेटिंग थोडी हलवली की उत्तर उडी मारत असेल तर त्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही, एस.डी. काहीही म्हणो.

नवा_रोव्हर

खूप खूप धन्यवाद दोघांचे. काल रात्री बसून सगळं करून बघितलं.

रेशो: बाकी अकरा पॉइंटना १८ ते ५० च्या दरम्यान, पॉइंट ७ ला ३.२. हा कॉलम मी आजवर कधी बघितलाच नव्हता. मोड फिक्स-अँड-होल्ड होता. दोन तुकडे केले तर पहिल्या दहा मिनिटांत फिक्स, दुसऱ्या दहात नुसता फ्लोट. मग मास्क १५ केला, कंटिन्युअस केलं आणि भिंतीच्या दिशेचा एक उपग्रह, जो १७-१८ डिग्रीवर होता, तो काढला. रेशो एकदम १४ आणि उंची ७७ मिमी खाली!! आता ४ आणि ७ मधला फरक १.२२१ येतोय, लेव्हलचा १.२१२, म्हणजे ९ मिमी उरले. पॉइंट ३ ची फाइल ३० सेकंदाने पण चालवली, एस.डी. २.१ ची ९ मिमी झाली आणि पोझिशन १ मिमी हलली, अगदी साखळी सर म्हणाले तसंच.

पण मग आता माझी अडचण वाढलीय, मला ७ ची चूक लेव्हलमुळे कळली. लेव्हल नसती तर? बाकी अकरा पॉइंटबद्दल काय सांगू मी?

जुनी_साखळी

हाच प्रश्न महत्त्वाचा. एक बेस, एक रोव्हर आणि प्रत्येक पॉइंट एकदाच, हे म्हणजे चाकाच्या आऱ्यांसारखं झालं, मधून बाहेर नुसत्या रेघा. एकाही रेघेला दुसरी कुठली रेघ तपासत नाही. अशा कामात ॲक्युरसी काढायचा आकडाच उपलब्ध नसतो, सॉफ्टवेअर कितीही दशांश छापू दे. दुसरं मोजमाप पाहिजेच, आणि ते पहिल्यापासून होईल तितकं वेगळं, म्हणजे वेगळी वेळ, पोल परत उभारलेला, उंची परत मोजलेली. बारा नाही जमले तर निदान चार-पाच पॉइंट, आणि त्यात अवघड जागेवरचे आधी घ्या, मोकळ्या मैदानातले घेऊन स्वतःची समजूत काढू नका.

ट्रायपॉडवाला

मधेच घुसतोय, पण अँटेनाच्या उंचीबद्दल कोणीच बोललं नाही आणि माझ्या अनुभवात उंचीतल्या निम्म्या चुका तिथूनच येतात.

आमच्या एका कामात बेस पक्क्या बेंचमार्कवर होता, उंची ठाऊक असलेल्या. टेप तिरकी धरून अँटेनाच्या कडेच्या खुणेपर्यंत १.६४० मोजली आणि ज्याने फील्डबुक भरलं त्याने तीच व्हर्टिकल म्हणून टाकली. त्या अँटेनाची त्रिज्या १० सेंमी आणि कडेची खूण तळाच्या रेफरन्स पॉइंटपेक्षा ५ सेंमी वर, म्हणजे खरी उभी उंची १.५८७ पाहिजे होती. ५३ मिमी. सगळेच्या सगळे पॉइंट ५३ मिमी वर गेले, एकसारखे. फिक्स उत्तम, रेशो उत्तम, दुसऱ्या वेळेला परत घेतलेले पॉइंट पण ८-१० मिमीत जुळले कारण दिवसभर बेस हललाच नव्हता. दीड महिन्याने दुसऱ्या बेंचमार्कला जोडायला गेलो तेव्हा कळलं, आणि तोवर त्या उंचीवर नाल्याचं डिझाइन झालेलं होतं. तो दिवस अजून आठवतो. तेव्हापासून उंची सेशनच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा, तिरकी की उभी आणि कुठल्या खुणेपर्यंत ते शब्दांत लिहायचं, आणि ट्रायपॉडवर टेप लावलेला फोटो.

तुमच्या केसमध्ये थोडं वेगळं आहे, बेसचं कोऑर्डिनेट तुम्ही त्याच फाइलमधून पीपीपीने काढलंय. फाइलच्या हेडरमध्ये अँटेनाची उंची चुकली असली आणि आरटीकेपोस्टनेही तोच आकडा घेतला असला तर रोव्हरच्या पॉइंटपर्यंत चूक पोहोचत नाही, वजाबाकीत कटते, फक्त जमिनीवरच्या बेसच्या खुणेची उंची चुकीची राहते. पण एकीकडे हेडरचा आकडा आणि दुसरीकडे हाताने टाकलेला किंवा शून्य राहिलेला असं झालं असेल तर सगळे पॉइंट सरकलेत. तेवढं आजच तपासा. आणि अँटेनाचा प्रकार पण दोन्हीकडे तोच द्या, फेज सेंटर (सिग्नल जिथे मोजला जातो तो बिंदू) तळापासून कित्येक सेंटीमीटर वर असतं आणि मॉडेलप्रमाणे बदलतं.

लूप_क्लोजर_प्रेमी

मी तर नेहमी तीन रिसीव्हर लावतो आणि त्रिकोणाचं क्लोजर काढतो, २-३ मिमी येतं, तेच ॲक्युरसी म्हणून देतो. हे बरोबर ना?

फ्लोट_ते_फिक्स

@लूप_क्लोजर_प्रेमी तिन्ही रिसीव्हर एकाच वेळी चालू होते का? असतील तर ते क्लोजर काही सांगत नाही. तीन रिसीव्हरच्या एका सेशनमध्ये स्वतंत्र बेसलाइन (दोन रिसीव्हरना जोडणाऱ्या रेघा) दोनच असतात, तिसरी त्याच डेटातून येते, आधीच्या दोघींची वजाबाकीच समजा. तो त्रिकोण बंद होणारच, एखाद्या अँटेनाची उंची अर्धा मीटर चुकवून बघा, तरी बंद होईल. वेगवेगळ्या सेशनच्या बेसलाइन मिळून बनलेला लूप घ्या, ज्यात मध्ये निदान एकदा ट्रायपॉड काढून परत लावलाय, मग क्लोजरला अर्थ आहे. नेटवर्क ॲडजस्टमेंट (सगळ्या बेसलाइन एकत्र जुळवणं) करतानाही ती तिसरी बेसलाइन आत टाकू नका, खोटी रिडंडन्सी (जादा मोजमापं असल्याचा भास) वाढते आणि एरर एलिप्स (चुकीचा आवाका दाखवणारी लंबवर्तुळं) उगाच बारीक दिसतात.

नवा_रोव्हर तुमच्यासाठी अजून एक सुचवतो, जवळ एखादं परमनंट स्टेशन (कायम चालू असलेला रिसीव्हर) असेल तर त्याला दुसरा बेस करून बघा, ३०-४० किमी लांब असलं तरी चालेल, फक्त रोव्हरवर जास्त वेळ बसावं लागेल आणि आयनोस्फिअर-फ्री कॉम्बिनेशन (दोन फ्रिक्वेन्सी जोडून वरच्या वातावरणाचा परिणाम काढणं) घ्यावं लागेल, ज्यात नॉइज साधारण तिपटीने वाढतो. फायनल ऑर्बिटसाठी (उपग्रहांच्या नंतर मिळणाऱ्या अचूक कक्षांसाठी) दोन आठवडे थांबायची गरज नाही. ब्रॉडकास्ट ऑर्बिटमध्ये (उपग्रहच प्रसारित करतात त्या कक्षेत) मीटरभर चूक धरली तरी उपग्रह २०,००० किमीवर आहे, त्या प्रमाणात ३५ किमीच्या बेसलाइनला पावणेदोन मिमी येतात, आणि तुमच्या १.४ किमीला तर काहीच नाही. रॅपिड ऑर्बिट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळतात, तेवढ्याने भागतं.

नवा_रोव्हर

झालं एकदाचं. उंचीचं तपासलं, हेडरमध्ये उभी उंचीच आहे आणि आरटीकेपोस्टमध्ये अँटेनाच्या जागी स्टार ठेवलेला होता म्हणजे तोच आकडा घेतलाय, हुश्श. परमनंट स्टेशन जवळपास नाही. काल दुपारी, पहिल्या वेळेपासून पाच तासांच्या फरकाने, पाच पॉइंट परत घेतले, प्रत्येकी ४० मिनिटं. ४ आणि ७ दोन्ही घेतले, शिवाय झाडाजवळचा एक. उंचीचे फरक, पहिलं वजा दुसरं, मिमीमध्ये: ६, −१४, ९, −४, −१७. यातला ९ हा पॉइंट ७ चा (सुधारलेल्या सोल्युशनशी तुलना केलीय) आणि −४ हा ४ चा. आडवे फरक सगळे ८ मिमीच्या आत. आता यातून आकडा कसा काढू?

जुनी_साखळी

वा, आता बोलण्यासारखा डेटा झाला.

फरकांचे वर्ग करून बेरीज करा: ३६ + १९६ + ८१ + १६ + २८९ = ६१८. त्याला जोड्यांच्या दुपटीने भागा, म्हणजे १०, आले ६१.८, वर्गमूळ ७.९ मिमी. ही एका वेळच्या मोजमापाची उंचीतली एक सिग्मा (स्टँडर्ड डेव्हिएशन). दुपटीने भागायचं कारण फरकात दोन्ही वेळच्या चुका येतात. तुमचं दुसरं बसणं ४० मिनिटांचं होतं आणि पहिलं २० चं, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर दोन्ही सारखे नाहीत, पण पाच जोड्यांवर त्याहून बारीक कीस काढण्यात अर्थ नाही. सॉफ्टवेअर म्हणत होतं २ ते ३, खरं निघालं ८, म्हणजे तिप्पट. फरकांची चिन्हं दोन्हीकडची आहेत हे बरं, सगळे एकाच बाजूला असते तर पोलची उंची नाहीतर बेस हललाय असा संशय घेतला असता.

९५ टक्क्यांसाठी १.९६ ने गुणा, एकदाच घेतलेल्या सात पॉइंटना उंचीत १५ मिमी. ज्या पाचांची सरासरी घेतलीत त्यांना सिग्मा ५.६ आणि ९५ टक्क्यांवर ११ मिमी. ४ आणि ७ च्या सरासऱ्यांचा फरक काढा, १.२२१ आणि १.२०८ च्या मध्ये म्हणजे १.२१४५, लेव्हलपासून अडीच मिमी. छान. आडव्याचं पण असंच काढा, फक्त लक्षात ठेवा की दोन दिशा एकत्र घेतल्यावर एक सिग्माच्या एलिप्समध्ये ३९ टक्केच येतात, ९५ साठी २.४५ ने गुणावं लागतं. उंची नेहमी आडव्यापेक्षा दीड-दोन पट वाईट असणार, सगळे उपग्रह डोक्यावरच असतात, पायाखाली एकही नाही.

आता रिपोर्ट. एकच आकडा लिहू नका, दोन लिहा. पहिला, पॉइंट एकमेकांच्या मानाने किती बरोबर, तो तुम्ही आत्ता काढलात. दुसरा, बेससकट सगळं काम जगाच्या मानाने कुठे आहे, तो पीपीपीच्या रिपोर्टमधून येतो, आणि सीएसआरएस-पीपीपी आपला सिग्मा ९५ टक्क्यांवर देतं, आरटीकेपोस्ट एक सिग्मा देतं, दोघांची सरळ तुलना करू नका. बेसची चूक सगळ्या पॉइंटना सारखीच लागते, म्हणून पॉइंटमधल्या अंतराला आणि उंचीफरकाला ती लागत नाही पण क्लायंटने जुन्या नकाशावर टाकलं की दिसते. आणि फ्रेम (कोणती संदर्भ चौकट) आणि इपॉक (कोणत्या तारखेचं कोऑर्डिनेट) लिहायला विसरू नका, पीपीपीचं कोऑर्डिनेट आयटीआरएफमध्ये (जागतिक संदर्भ चौकट) मोजल्या दिवसाचं येतं, जमीन वर्षाला काही सेंटीमीटर सरकते, वीस वर्षांपूर्वीच्या इपॉकच्या नकाशाशी जुळवलं तर आपल्याकडे मीटरभर फरक सहज निघेल आणि लोक तुमच्या सर्व्हेला दोष देतील.

ज्या सात पॉइंटवर दुसरं मोजमाप नाही त्यांच्यासमोर "एकदाच मोजलेला" असं स्पष्ट लिहा, १५ मिमी हा बाकीच्या पाचांवरून काढलेला अंदाज आहे हेही. त्यात भिंतीजवळ, झाडाखाली कोणी असेल तर तो परत घेतल्याशिवाय देऊ नका.

नवा_रोव्हर

पॉइंट ११ आहे तसा, पाण्याच्या टाकीला लागून. रेशो १८, ७ सोडला तर सगळ्यात कमी तोच होता. उद्या दुपारी परत घेतो आणि इथे आकडा टाकतो.

फ्लोट_ते_फिक्स

टाका नक्की. आणि या वेळी ग्लोनास आणि गॅलिलिओ (रशियाचे आणि युरोपचे उपग्रह) पण लॉग करून ठेवा, प्रोसेस एकदा फक्त जीपीएसने करा आणि एकदा फक्त गॅलिलिओने, त्या वेळी आकाशात चार-पाच जणांहून जास्त असतील तर. बेस तोच असला तरी उपग्रह पूर्ण वेगळे, त्यामुळे पूर्णांक चुकलाय का ते तिथल्या तिथे कळेल.